उकिडवी

"अंबिका यमगर" असा पुकारा झाला
तेव्हा मी भिंतीवरची पाटी चौथ्यांदा वाचत होते:
येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.
मला ते नकोच होतं.
फॉर्मवर सही केली आणि आरवाडेबाईंना म्हटलं,
मुलगा-मुलगी राहू द्या,
ते निळं आहे का तेवढं सांगा.

जेल गार.
तासगावला कोल्ड स्टोरेजचं दार उघडल्यावर
अंगावर येतं, तसं काहीतरी पोटावरून गेलं.
मी बेदाणा निवडते, बारा वर्षं झाली.
सरकत्या पट्ट्यावर काडी, फुटका दाणा, काळा दाणा
डोळ्यांच्या आधी बोटांना कळतो.
बाई पडद्यावर तेच करत होत्या,
फक्त त्यांचा दाणा एकच होता
आणि तो उडत होता.
"एवढंसं असतं," त्या म्हणाल्या, "तुमच्या बेदाण्याहून लहान.
बाळ हललं की निसटतं."
मग बोलायच्या थांबल्या.

आमच्या शेडमध्ये हे सगळ्यांना ठाऊक आहे:
बोलत बोलत निवडणारी बाई गप्प झाली
म्हणजे तिला काहीतरी सापडलंय.

पडद्यावर लाल आलं. मग निळं.
माझ्या तोंडाला कोरड पडली.
त्यांनी मान न वळवता सांगितलं,
"ह्या निळ्याला भिऊ नका, तो रक्ताचा रंग नाही.
यंत्राकडे येतं ते लाल,
लांब जातं ते निळं. एवढंच."

एवढंच.
म्हणजे सावळजच्या शाळेत मी लांब जात होते.
नखं जांभळी, ओठ जांभळे,
गुरुजी म्हणायचे, जांभळं खाल्लीस, जीभ दाखव.
लंगडीत चार पावलं टाकली की मी उकिडवी बसायचे,
गुडघे छातीशी, श्वास परत येईपर्यंत.
आई म्हणायची आळशी आहे,
मामा म्हणायचा बाहेरचं आहे, अंगारा लावा.
कुणी शिकवलं नव्हतं,
पण शरीराला ते बसणं येत होतं.
नवव्या वर्षी मिरजेला छाती उघडली
तेव्हा कुठं त्या बसण्याला नाव मिळालं.

तिकडं नऊ वर्षं. इकडं तेरा आठवडे.

"हृदयातून दोन मोठ्या वाहिन्या निघतात.
त्यातली एक मला बारीक वाटतेय.
वाटतेय, म्हणते.
अठराव्या आठवड्यात परत या,
दाणा मोठा झाला असेल."
त्यांनी माझाच शब्द घेतला होता.
संग्रामनं विचारलं, मग आता?
त्या दोन शब्दांत किती प्रश्न होते
ते आम्हा तिघांनाही कळलं.
बाईंनी सगळ्यांची उत्तरं दिली,
न ठेवण्याच्यासुद्धा,
बाळंतपण कुठं, ऑपरेशन कितव्या महिन्यात, पैसे कुठल्या योजनेतून.
मग खुर्ची माझ्याकडं वळवली
आणि घाई केली नाही.

मी म्हटलं, आवाज ऐकवा.
ऐकवला, थोडाच.
पट्ट्यावर माल नसताना मोटार पळते
तसा: भरभर, हलका,
कुणाचीच वाट न बघणारा.
बिघडलेला वाटला नाही.
माझाही कधी वाटला नसणार.

सांगली स्टँडवर तासगाव गाडीला उशीर होता.
बाकडी रिकामी होती, तरी
फलाटाच्या कडेला मी उकिडवी बसले,
गुडघे छातीशी.
संग्राम घाबरला. दम लागला का?
नाही.
मला एकोणीस वर्षांत लागलेला नाही.
पोटातल्याच्या वाटणीचं थोडं बसून घेतलं,
गाडी लागली तरी.